कमलाबाईंनी बसवलेला जपानी प्रवेश

कमलाबाई हिवराळे जर्मनीत येनाला आल्या की पहिले आठ दिवस सुनेचे डबे पुसतात. "अहो आई, स्वच्छच आहेत ते," उत्कर्षा दरवर्षी सांगते. कमलाबाई "हो गं बाई, दिसतंय मला," म्हणतात आणि पुसत राहतात. जालना जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रात सदतीस वर्षं नर्सबाई म्हणून राबलेल्या बाईला रिकामं बसवायचं तरी कुणी? अंबडच्या आसपासची निम्मी पोरं त्यांच्या हातावर जगात आली. त्यातली काही आता पांढरे कपडे घालून पुढाऱ्यांच्या मागंपुढं हिंडतात म्हणे. हिंडोत बापडी. पहिली थाप ढुंगणावर कुणी मारली होती, ते कमलाबाईंच्या चांगलं लक्षात आहे.

अनुप त्यांचा एकुलता एक मुलगा. तो येनात एका भिंगांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. वडील गेल्यापासून दर उन्हाळ्यात तो आईला तीन महिने बोलावून घेतो. त्यासाठी सरकारी कचेरीत जाऊन हमीपत्र लिहून द्यावं लागतं. त्या पत्राचं जर्मन नाव इतकं लांब की वाचता वाचता धाप लागावी. कमलाबाई त्याला नुसतं "तुझं ते पत्र" म्हणतात. पत्र आलं की बॅग भरतात.

आणि त्या पत्राबरोबर एक अट असते. ती कागदावर नसते. पहिल्या वर्षी विमानतळावरून घरी येताना अनुपनं गाडीतच घातली होती.

"आई, एक सांगायचंय. प्रियाला ते काही कळायला नको."

"ते म्हणजे?"

"तुला माहितीये. गावकुसाबाहेरचं. कोण होतो, काय होतो, ते सगळं. ती इथं जन्मलीय, तिच्या डोक्यात ते शिरायचं कारण नाही. ते माझ्यापाशी संपलं."

कमलाबाईंनी मान डोलावली. घर त्याचं, पोरगी त्याची आणि बोलावणंही त्याचं. दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती होती, वर बाबासाहेबांचा फोटो होता. निळ्या कोटातले हे कोण, असं प्रियानं लहानपणी विचारलं तेव्हा, "खूप खूप शिकलेले होते, आपल्या देशाची राज्यघटना लिहिली त्यांनी," एवढं सांगून बापानं विषय मिटवला होता. पोरगी रोज त्या फोटोला हात जोडते आणि का जोडते ते तिला ठाऊक नाही! अनुपला कुणीतरी तोंडावर विचारायला हवं होतं, की बाबा रे, हे काय चाललंय. कमलाबाईंनी विचारलं नाही.

खरं सांगायचं तर ती अट त्यांच्याही पथ्यावर पडली होती. आडनाव कळलं, वस्ती कळली, की समोरच्याचे डोळे कसे बदलतात ते त्यांनी जन्मभर बघितलं होतं. चांगलं बोलता बोलता माणूस हळूच अर्धं पाऊल मागं सरतो. अकरा वर्षांची ही नात मात्र त्यांच्या गळ्यात पडायची, "माइने ओमा इस्त क्रांकनश्वेस्टर", माझी आजी नर्स आहे, असं ट्राममधल्या अनोळखी बाईलासुद्धा ऐकवायची. तिचे डोळे बदललेले बघायला लागले तर? त्यापेक्षा तोंडाला कुलूप बरं.

प्रियाला मराठी सगळं कळतं, पण बोलायची वेळ आली की जर्मन. आजीचं जर्मन चाळीस शब्दांचं. तरी दोघींचं भांडणसुद्धा व्यवस्थित होतं.

त्या जुलैमध्ये, सुट्टी लागायच्या आधीच्या आठवड्यात, प्रिया शाळेतून आली ती दप्तर आपटतच.

"टोटाल उनफेअर, आजी!"

शाळेत प्रकल्पाचा आठवडा होता आणि विषय होता शोगुन राज्यकर्त्यांच्या काळातलं जपान. शेवटच्या दिवशी पालकांसमोर छोटे छोटे प्रवेश करून दाखवायचे. कुणी कोण व्हायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. प्रियाला सामुराई व्हायचं होतं, पुठ्ठ्याची तलवारसुद्धा तिनं मनात रंगवून ठेवली होती. चिठ्ठी भलतीच निघाली.

तिनं वहीत काढलेलं चित्र आजीपुढं ठेवलं. चार पायऱ्यांचा जिना होता. वर दोन तलवारीवाले सामुराई. त्यांच्या खाली शेतकरी, मग कारागीर आणि सगळ्यात खाली व्यापारी.

"व्यापारी खाली?" कमलाबाईंना गंमतच वाटली. "पैसा असून?"

"हो. तो काही पिकवत नाही ना," असं प्रियानं जर्मनमधून समजावलं.

कमलाबाईंच्या डोळ्यांपुढं अंबडच्या धान्याच्या मोंढ्यातले शेटजी उभे राहिले आणि त्या खुदकन हसल्या. मग त्यांचं लक्ष जिन्याच्या खाली, पानाच्या कोपऱ्यात गेलं. तिथं पायरी नव्हती. एक वाकलेला माणूस होता, पेन्सिलीनं काढलेला.

"आणि हा गं कोण?"

"दास बिन इश." ही मी.

मग प्रियानं सांगितलं. हे लोक मेलेली गुरं ओढून न्यायचे, कातडं कमवायचे. सामुराईच्या चिलखताचं चामडं त्यांचंच, देवळातल्या ढोलाचंही त्यांचंच. पण ढोल देवळात जायचा, ते बाहेर राहायचे. त्यांची वस्ती गावापासून लांब, काही नकाशांत ती दाखवतच नसत. त्यांच्या चुलीतला विस्तव कुणी घेत नसे. त्यांना एक नाव होतं, पण ती आता शिवी आहे, म्हणून बाईंनी ते फळ्यावर लिहिलं नाही.

प्रियाच्या फ्रॉकची शिवण घालत बसलेल्या कमलाबाईंची सुई थांबली.

"कुठल्या देशाचं म्हणालीस हे?"

"यापान, आजी! कितीदा सांगू?"

"होय का," कमलाबाई म्हणाल्या आणि उठून चहा टाकला. आधीचा चहा टेबलावर तसाच होता, गरम. परक्या गावात अचानक आपलं कुणी नात्यातलं भेटावं आणि ओळख द्यावी की नाही ते कळू नये, तसं त्यांना झालं होतं.

बुधवारी पोशाखांसाठी मदत हवी होती. उत्कर्षानं शाळेत कळवून टाकलं होतं की आमच्या आईंचा हात शिवणात चांगला आहे. कमलाबाई सुई-दोऱ्याची डबी घेऊन ट्रामनं शाळेत पोचल्या. फ्राऊ ल्युडेके म्हणजे प्रियाच्या वर्गाच्या बाई, उंच, हसऱ्या, गळ्यात चष्मा अडकवलेल्या. त्यांनी कमलाबाईंना सभागृहात पहिल्या रांगेत बसवलं आणि तालीम सुरू केली.

प्रवेश साधा होता. प्रिया नवं कातडं चढवलेला ढोल घेऊन गावच्या मुख्य शेतकऱ्याकडं येते, शेतकरी तांदूळ देतो, ती जाते. शेतकरी झाली होती फ्रीडा, प्रियाची मैत्रीण. प्रिया आली. फ्रीडा गोड हसली, "दांके!" म्हणून आभार मानले, तिच्या हातातून ढोल घेतला, तांदळाची पुरचुंडी तिच्या हातावर ठेवली, तिला आत बोलावलं आणि पेल्यातून पाणी दिलं.

कमलाबाईंना काय झालं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. नवीन नर्सनं इंजेक्शन चुकीचं धरलं की त्यांच्या तोंडून शब्द जसा सुटायचा, तसा सुटला.

"नाइन! सो निश्त!" नाही! असं नाही!

आणि त्या उठल्या. दोन पायऱ्या चढून रंगमंचावर गेल्या.

"अगं, तू हात नाही लावायचा," त्या फ्रीडाला म्हणाल्या आणि प्रियाला नजरेनं खुणावलं, की हिला सांग. "ती ढोल खाली ठेवेल. मागं सरेल. मग तू आधी पाणी शिंपडायचं आणि मग उचलायचा. आणि प्रिया, वहाणा हातात घे. काखेत नाही गं, हातात, दिसल्या पाहिजेत. आत पाऊल टाकायचं नाही. तोंडाकडं नाही बघायचं त्यांच्या, पायांकडं बघायचं. हं. आता ओटी पसर. फ्रीडा, तू तांदूळ वरून सोड, खांद्याच्या वरून. म्हणजे हाताला हात लागत नाही. आणि पेला कसला देतेस? ओंजळ कर, प्रिया. ओंजळ तोंडाशी. कोपरं वर कर. वर! खाली राहिली की पाणी बाहीत शिरतं. आणि मागं सरून वाक, त्यांच्या ओट्यावर थेंब पडला तर बोलणी खावी लागतात."

प्रिया भराभर जर्मनमध्ये सांगत होती. तिला नीट जमेना म्हणून कमलाबाईंनी स्वतः करून दाखवलं. जिना उतरताना कण्हणारे त्यांचे गुडघे न कुरकुरता वाकले, कोपरं आपोआप वर गेली, मान तिरकी झाली. शरीर काही म्हणता काही विसरलं नव्हतं.

मग फ्राऊ ल्युडेकेंनी दोन्ही हात छातीशी धरले. "फ्राऊ हिवराळे! हे सगळं तुम्हाला कुठून माहीत?"

एवढं जर्मन कमलाबाईंना कळलं. अट आठवली.

"फेर्नझेहेन," त्या म्हणाल्या. टीव्हीवर.

"आख, जपानी सिनेमे! गेनाऊ, अगदी बरोबर!" बाई खूश झाल्या आणि सगळं कागदावर उतरवून घ्यायला लागल्या. जपानात ओंजळीनं पाणी पाजत होते की नाही, कुणास ठाऊक. येनाच्या त्या शाळेत मात्र बुधवारपासून पाजायला लागले.

मग मुलींनी प्रवेश पुन्हा केला. फ्रीडा हुशार पोरगी. तिनं हनुवटी वर केली, तांदूळ असे सोडले की निम्मे जमिनीवर सांडले, आणि प्रिया ते वेचायला बसली. इतर मुलं हसली. मग प्रियानं ओंजळ केली. कोपरं अगदी वर, मान अगदी तिरकी, एक थेंब बाहीत नाही. फ्राऊ ल्युडेकेंनी टाळ्या वाजवल्या.

कमलाबाईंना वाटलं, कुणीतरी आपल्या थोबाडीत मारावी. त्यांच्या आजीला जे तिच्या आईनं शिकवलं, आईला आजीनं शिकवलं, त्यांना आईनं, तेच आता हिला. मधे अनुपनं एवढे समुद्र घातले होते. आपण दहा मिनिटांत पोरीला पार तिथं परत नेऊन उभं केलं, आणि तेही कुणी सांगितलेलं नसताना, नाइन म्हणून.

ट्राममध्ये त्यांनी सुरुवात केली. "प्रिया, ते पाण्याचं काढून टाकू या का गं? लांबतंय."

"नाइन! तेच तर बेस्ट आहे!" प्रिया आता एकदम उजळून निघाली होती. सामुराईचा प्रवेश कंटाळवाणा आहे, आमचाच सगळ्यात भारी आहे, असं बाई म्हणाल्या होत्या. आता तिला पुठ्ठ्याची तलवार नको होती.

शुक्रवारी प्रवेश होता. अनुप बघायला येणार होता. बघता क्षणी त्याला कळणार होतं. मग आणखी पत्र कसलं आणि बोलावणं कसलं? आणि पत्राचंही एक वेळ जाऊ दे, त्या पोरीसमोर काय काय निघेल! गुरुवारी सकाळी त्यांनी बोलून बघितलं, "तुला कामं असतील रे, नाही आलास तरी चालेल. मी आणि उत्कर्षा जाऊच."

"अगं, सुट्टी टाकलीय मी," अनुप म्हणाला. "तिची आजी प्रवेश बसवतेय, असं सांगितलं मला प्रियानं. आता न येऊन कसं चालेल?" आणि तो हसला. त्या हसण्यानं कमलाबाईंना जास्तच भीती वाटली.

शुक्रवारी सभागृह पालकांनी भरलं. मागं टेबलावर घरून आणलेले केक होते. सामुराई आले, एकाची तलवार मोडली, सगळे हसले, अनुपही मोकळेपणानं हसला. व्यापारी आले, कारागीर आले. मग मंचाच्या कोपऱ्यातून प्रिया आली. वहाणा हातात. नजर जमिनीवर.

अनुपचं हसू तिथंच थांबलं.

तिनं ढोल खाली ठेवला, मागं सरली. फ्रीडानं पाणी शिंपडलं. उत्कर्षा मोबाइलवर सगळं टिपत होती. प्रियानं ओंजळ तोंडाशी नेली आणि कोपरं वर केली, तेव्हा अनुपनं हात पुढं करून बायकोचा मोबाइल खाली दाबला.

"बंद कर ते."

"का? काय झालं?"

टाळ्या चांगल्या दणदणीत पडल्या. अनुपनं वाजवल्या नाहीत. कमलाबाईंनीही नाही.

बाहेर केकच्या टेबलापाशी गर्दी झाली. अनुपनं आईला खिडकीकडं नेलं आणि हळू आवाजात म्हणाला, "हे तू शिकवलंस."

"हो."

"आई, मी तुझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती. चार वर्षांत एकच."

"अनुप, इथं नको," उत्कर्षा म्हणाली, पण तेवढ्यात प्रिया आलीच, पोशाखातच, हातात केकचा तुकडा. तिनं आळीपाळीनं दोघांकडं पाहिलं. पोरं आंधळी थोडीच असतात! तिनं केक बशीत ठेवला आणि आजीला विचारलं, जर्मनमधूनच, पण सावकाश, आजीला कळावं म्हणून. तू टीव्हीवर बघितलं नव्हतंस ना? तुला तर टीव्हीपुढं दहा मिनिटांत झोप लागते. तुला कुणीतरी असं पाणी दिलं होतं का, खरोखर?

कमलाबाईंनी मुलाकडं पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. खोटं एकदा बोलून झालं होतं. या पोरीशी दुसऱ्यांदा त्यांना बोलवेना.

"हो," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी धीर करून नातीच्या डोळ्यांत पाहिलं. चार वर्षं ज्या नजरेची धास्ती घेतली होती ती तिथं नव्हती. प्रिया मागं सरली नाही. ती चिडली होती.

"फ्रीडानं तर मला तांदूळ हातात दिले होते. पाणी पेल्यातून दिलं होतं. तिचं बरोबर होतं, आजी. मग तू तिला नाइन का म्हणालीस?"

कमलाबाई शेजारच्या बाकावर बसल्या. सवय, असं म्हणायला त्यांचे ओठ हलले, पण ते पुरेसं नव्हतं, हे त्यांना कळत होतं. लहानपणी अशी एखादी फ्रीडा समोर आली असती तर आपणही तिला नाइन म्हणालो असतो, नीट वागायला शिकवलं असतं, हे त्यांना आता कळलं आणि रडूच कोसळलं.

"चुकलं गं माझं," त्या म्हणाल्या. "तिचंच बरोबर होतं. चल, तुझ्या बाईंना सांगून येऊ. मी त्यांच्याशी खोटं बोलले."

फ्राऊ ल्युडेके ढोल आवरत होत्या. फ्रीडा तिथंच तांदूळ झाडून गोळा करत होती.

"फ्राऊ ल्युडेके," कमलाबाई म्हणाल्या, "फेर्नझेहेन नाइन." एवढं म्हणून त्यांचे चाळीस शब्द संपले. त्यांनी प्रियाकडं पाहिलं, की तू सांग. प्रियानं तोंड उघडलं.

"थांब, प्रिया," मागून अनुप म्हणाला. तो कधी पाठोपाठ आला ते त्यांना कळलंच नव्हतं. "आई, तू बोल. मी सांगतो त्यांना."

मग कमलाबाई एकेक वाक्य बोलल्या आणि अनुप ते जर्मनमध्ये सांगत गेला. "मी सात वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "इश वार झीबन," तो म्हणाला. आमची वस्ती गावाबाहेर होती. विहीर वेगळी होती. उन्हाळ्यात ती आटली की मोठ्या घराच्या ओट्याखाली जाऊन उभं राहायचं, कुणी पाणी वाढेल म्हणून. आईनं मला सगळं शिकवून पाठवलं होतं. आम्हाला काय म्हणायचे, तो शब्द आला तिथं अनुप अडला. मग त्यानं तो जसाच्या तसा उच्चारला. फ्राऊ ल्युडेकेंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढला.

कमलाबाईंचं एवढंच होतं. त्या थांबल्या.

अनुप थांबला नाही.

"इश वार झेक्स," तो म्हणाला.

कमलाबाईंना आकडे कळत होते, ट्रामच्या नंबरांमुळं. मी सहा वर्षांचा होतो. उत्कर्षानं चमकून नवऱ्याकडं पाहिलं, तिलाही हे ठाऊक नव्हतं. तो जर्मनमधून सांगत होता, फ्रीडाकडं आणि प्रियाकडं बघून. माझी आई नर्स होती, लस टोचायला गावोगाव हिंडायची, सुट्टीत मला बरोबर घ्यायची. एका घरात तिनं त्यांचं तान्हं बाळ मांडीवर घेतलं, लस दिली, ते रडलं तेव्हा थोपटलं. त्यांनी बाळ तिच्या हातून परत घेतलं. मग मी पाणी मागितलं. त्या घरातली बाई तांब्या घेऊन आली आणि ओट्यावर उभी राहिली, आणि आई माझ्या कानात म्हणाली...

इथं त्याला जर्मन सुचेना. ते वाक्य तो मराठीतच बोलला, अगदी तिच्याच आवाजात. "कोपरं वर कर, बाळा."

कमलाबाईंना तो दिवस आठवत होता, ते घर आठवत होतं, बाळाच्या अंगाचा वास आठवत होता. आपण हे वाक्य बोललो होतो, एवढंच तेवढं आठवत नव्हतं.

प्रियानं बापाचा हात धरला.

"उंट दान, पापा?" मग?

आणि अनुपनं पुढचंही सांगितलं.